जवळपासच्या सरकारी माध्यमिक शाळांची तुलना निकालाच्या टक्क्यावर करावी का?

मोजपट्टी (धागाकर्ता): एकाच परिसरातल्या शाळांमधून निवड करायची झाली की पालक आधी निकाल विचारतात. त्याआधी 'कितीपैकी?' हे विचारा. समजा, एका शाळेच्या नववीत ६० मुलं होती, दहावीच्या परीक्षेला बसली ४५, सगळी पास. निकाल १०० टक्के. दुसरीत नववीला ५०, बसली ५०, पास ४४; निकाल ८८. नववीच्या पटावर हिशेब केला तर पहिली ७५ वर येते, दुसरी ८८ वरच राहते. नापास होतील म्हणून मागे ठेवलेली किंवा बाहेरून बसवलेली १५ मुलं फलकावरच्या शंभरात कुठेच नाहीत. हा अन्याय आहे. अमेरिकेत २००८ च्या नियमाने नववीची तुकडीच पाया धरली: बदलून गेलेले वजा, नव्याने आलेले जमा, आणि चार वर्षांत किती उत्तीर्ण.

पटसंख्या: पटाचे आकडे पालकांच्या हाती लागतात कुठे? निकाल निदान शाळेबाहेरच्या परीक्षकांनी तपासलेला असतो. तो बाजूला ठेवला की उरते ऐकीव माहिती, 'तिथली मुलं चांगल्या घरची'. टक्का वापराच, फक्त एका वर्षाचा नको. २० मुलांच्या वर्गात एक नापास झालं की निकाल ५ टक्क्यांनी खाली. २०० च्या शाळेत अर्ध्याच टक्क्याने. म्हणून लहान शाळा यादीत कधी अगदी वर, कधी अगदी तळाला दिसतात. तीन वर्षांचे बसलेले एकत्र करा, पास झालेले एकत्र करा, मग भागाकार. तीन वर्षांच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. पट कमी-जास्त असेल तर ती चुकते.

पायरी: मुलं आली कुठल्या पातळीवर, हे दोघांनीही सोडलं. अमेरिकेतल्या शाळांवरच्या १९६६ च्या कोलमन अहवालात सहा लाखांहून जास्त विद्यार्थी पाहिले होते. गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला निघाला. इंग्लंडने २०१६ पासून 'प्रोग्रेस ८' आणलं: अकराव्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते, त्यांची सोळाव्या वर्षी आठ विषयांत एकमेकांशी तुलना. आपणही प्रवेशावेळच्या गुणांचे तीन गट करून मधल्या गटाची प्रगती पाहू शकतो.

पटसंख्या: २० मुलांचे तीन गट म्हणजे गटात सहा-सात मुलं. वर मांडलेली अडचण तिप्पट झाली! शिवाय 'प्रोग्रेस ८' आधीचे गुण धरतं, घरची गरिबी धरत नाही. त्यावर तिथेही टीका झाली.

मोजपट्टी: मग आकड्यांच्या जोडीला शाळेत जाऊन दोन गोष्टी पाहा. वेळापत्रक: गणित-विज्ञानाचे तास त्याच विषयाच्या शिक्षकाकडे आहेत की कुणाच्याही गळ्यात? आणि विज्ञानाच्या प्रयोगवह्या. लंबकाच्या २० आंदोलनांची वेळ प्रत्येक वहीत दशांशापर्यंत तीच असेल, तर प्रयोग झालेला नाही, फळ्यावरून उतरवलाय. खऱ्या प्रयोगात वाचनं थोडी तरी पुढे-मागे होतात आणि कुठेतरी खाडाखोड असते.

पटसंख्या: हे पटलं. पण समोर ठेवलेली वही घेऊ नका, ती निवडूनच काढलेली असते. ढिगातल्या मधल्या चार मागा.