गोल न करणारीची कारकीर्द ही कारकीर्द नसते का?

कोपरीकर
ठाण्यातल्या पालकांच्या एका ग्रुपवर काल कोणीतरी लिहिलं: "२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डीवाय पाटीलवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आता तरी पोरींना नेटबॉलला घालू नका. त्यातही डिफेन्सला तर नकोच. जन्मभर हात वर करून उभं राहायचं, नावावर एक गोल नाही." खाली अंगठ्यांची रांग. तिथे एका ओळीत उत्तर देणं जमेना.

जीव्हा मेंटर. नेटबॉलमधली इंग्लंडची गोल कीपर, म्हणजे रिंगखाली समोरच्या शूटरला अडवणारी शेवटची बचावपटू; तिला स्वतः गोल करायची मुभाच नसते. सोळाव्या वर्षी देशाच्या संघात आली आणि २०२३ च्या केपटाउन विश्वचषकात रौप्य घेऊन थांबली. मँचेस्टर २००२ ते बर्मिंगहॅम २०२२, राष्ट्रकुलच्या सलग सहा स्पर्धा खेळली. २०१८ ला गोल्ड कोस्टवर राष्ट्रकुलच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ५२–५१ ने हरवलं. हेलन हाउसबीचा शेवटचा गोल सगळ्यांना आठवतो. अहो, फरकच एका गोलाचा होता! मग रिंगखाली अडवलेला प्रत्येक चेंडू सामना जिंकून देणाराच होता ना?

आणि "हात वर करून"? चेंडू जिच्या हातात, तिच्या पायापासून तीन फूट लांब राहायचं. ती तीन सेकंदच चेंडू धरू शकते. तेवढ्यात झुकायचं, उडी मारायची, पण अंगाला धक्का लागता कामा नये. लागला की शिट्टी, आणि तिचा पास सुटेपर्यंत हिने बाजूला नुसतं उभं राहायचं. इतकी बंधनं पाळून वीसहून जास्त वर्षं जगातल्या उंच शूटर्सना अडवणं याला मी मोठी कारकीर्द म्हणतो.

डावा कोपरा
असहमत. मी कबड्डीत कोपरा खेळलोय, बचाव मला शिकवू नका. आमच्याकडे पकड केली की पाटीवर गुण लागतो. तुमच्या गोल कीपरच्या खात्यात काय लागतं? मेंटर मोठी असेल, पण तिला ऑस्ट्रेलियाची लीग मिळाली. आपल्याकडे २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये यजमान म्हणून मुली उतरल्या, पुढे किती जणींची नावं लोकांना माहीत आहेत? ठाण्यात नेटबॉल कशासाठी खेळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीचे वाढीव गुण.

खारघरची आई
"सगळ्यांना ठाऊक" म्हणजे कोणाला? माझी मुलगी गोल डिफेन्स, म्हणजे बचावाला, खेळते. शाळेचं मैदान लग्नाला दिलेलं असलं की पोरी पार्किंगमध्ये खडूने गोलचं अर्धवर्तुळ आखून सराव करतात. गेल्या पावसाळ्यात गुडघा सुजला तरी बिब (जागेची अक्षरं असलेलं जाकीट) उतरवायला तयार नव्हती. ती गुणांसाठी खेळते असं तिच्या तोंडावर सांगून बघा.

खोखो नौपाडा
ताई, तुमची मुलगी खरी खेळाडू असेल. पण डावा कोपरा म्हणतात त्यात तथ्य आहे. मी राज्य पातळीवर खो-खो खेळलो. नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे म्हणून अर्ज केला, तर खेळाच्या दाखल्याच्या पडताळणीत फाइल अडकली. माझ्याच यादीतला एक जण, जो कधी मैदानात उतरला नाही, दाखला घेऊन रुजूही झाला. कमी खेळल्या जाणाऱ्या खेळांत हे जास्त चालतं.

खारघरची आई
मग राग दाखला विकणाऱ्यावर काढा ना! घामाघूम होऊन घरी येणाऱ्या मुलीवर का?

डावा कोपरा
राग मुलींवर नाहीच. पण शाळेत संघ फक्त स्पर्धेच्या आठवड्यात दिसतो, तो का? माझ्या पुतणीला बेंचवर बसवून दाखला दिला. तिला अजून विंग डिफेन्स कुठे उभी राहते ते सांगता येत नाही. आणि तो दाखला खराच आहे म्हणे.

खोखो नौपाडा
तेच तर! खोटा आणि खरा यात फरकच उरला नाही.

बिबवाली नेरुळ
तुमचे दाखले बाजूला ठेवता का जरा? धागा बचावपटूवर होता. मी शूटर होते, म्हणून सांगते. समोर चांगली गोल कीपर असली की निम्मी लढाई डोक्यात हरायची. चेंडू येण्याआधीच ती जागा घेऊन बसलेली असायची. स्कोअरशीटवर ते दिसत नाही, पण आमच्या कोचना माझ्या चुकलेल्या शॉट्समध्ये दिसायचं.

आणि कारकीर्द म्हणजे नुसती पदकं नव्हेत. न्यूझीलंडची बचावपटू केसी कोपुआ, तिच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा २०१४ ला तुटली. तरी २०१५ चा विश्वचषक खेळली, मग आई झाली, आणि परत येऊन २०१९ ला लिव्हरपूलमध्ये जगज्जेती झाली. तिथेही अंतिम फेरी ५२–५१, समोर ऑस्ट्रेलियाच. उलट ऑस्ट्रेलियाची बचावपटू शार्नी लेटन हिने २०१७ ला थकून विश्रांती मागितली आणि पुढच्या वर्षी नेटबॉल सोडला. हे ओझंही बघा, मग "उभी राहते" म्हणा.

डावा कोपरा
कोपुआचं मानलं. तुटलेल्या गुडघ्याने परत येणं काय असतं ते मला कळतं, माझा तर परत आलाच नाही. मेंटरचंही मानतो, नाइलाजाने का होईना. पण पुतणीला मी कबड्डीलाच घालणार.

कोपरीकर
घाला की, कोण अडवतंय? फक्त क्रिकेटचं उदाहरण देऊन नेटबॉलला मोडीत काढू नका. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये क्रिकेट नाही, हॉकी नाही, कुस्ती नाही. नेटबॉल आहे.

डावा कोपरा
आणि भारताचा संघ?

खारघरची आई
तो व्हायचा असेल तर मैदान द्या. आमच्या पोरींना या रविवारी परत लग्नासाठी हाकललंय.

खोखो नौपाडा
कुठलं मैदान? इथे नाव नको, मला निरोप पाठवा. मागच्या वर्षी आम्हालाही असंच उठवलं होतं, त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे.