चोर्ल्यापेक्षा हेम्माडग्याचा रस्ता

जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट हा सायकलीसाठी निवांत रस्ता आहे, असे एक मत आहे, ते मला पटत नाही. तो बेळगाव-गोवा वाहतुकीचा मार्ग असल्याने वळणावर मागून येणाऱ्या ट्रकसाठी दर वेळी कडेच्या मुरमात उतरावे लागते.

खरी शांतता हवी असल्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून शिरोली-हेम्माडगा रस्ता धरावा. हा भाग २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात येतो आणि तिथे सायकलीच्या साखळीची कुरकुरही मोठी वाटते. गेल्या मे महिन्यात करवंदांसाठी थांबलो असता रस्त्याकडेचे एक वारूळ ताजे उकरलेले दिसले, माती अजून ओलसर होती. या रानात वारुळे उकरणारी अस्वले आहेत, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते; मी करवंदे तशीच सोडून (अर्धी ओंजळ खिशात राहिली, ती गोष्ट वेगळी) निघालो. म्हणून उजाडल्यावरच निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी खानापूर गाठावे. आतल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप खानापुरातूनच बरोबर घ्यावा.