वक्तृत्वाआधी घर आणि हिशेब

ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पुढारी निवडताना काय पाहावं, या प्रश्नावरच्या बहुतेक प्रतिसादांत पहिला मान प्रभावी वक्तृत्वाला मिळालाय. पण बायबलच्या नव्या करारातल्या १ तीमथ्य या पत्रातली पुढाऱ्याच्या गुणांची यादी (३:१-७) पाहा. शिकवण्याची हातोटी सोडली, तर बाकी जवळजवळ सगळा स्वभावच: संयम, पाहुणचार, भांडखोर नसणं, पैशाचा लोभ नसणं. सहाव्या वचनात नवशिक्याला, म्हणजे नुकताच विश्वासात आलेल्याला, मनाई आहे, कारण तो गर्वाने फुगतो. मंडळ्या नेमक्या इथेच चुकतात. उत्साही तरुण दिसला की पद देऊन मोकळ्या! त्याच पत्रात ५:२२ मध्ये तर हात ठेवण्याची, म्हणजे पदावर नेमण्याची, घाई करू नको असं स्पष्ट बजावलंय.

पैशांबाबत प्रेषित पौलानेही वर्गणीची जबाबदारी एकट्याकडे ठेवली नाही, इतर बंधू सोबत दिले (२ करिंथ ८:१८-२१). म्हणून माणूस कितीही प्रामाणिक असो, दान दोघांनी मिळून मोजावं आणि त्याच दिवशी नोंदवावं. नेमणुकीआधी घरच्यांशीही बोला. १ तीमथ्य ३ मधलं चौथं वचन कुटुंबाबद्दलच आहे.