मदत हवी आहे: आडवी मुलाखत उभी करताना दोन माणसं फ्रेममध्ये बसत नाहीयेत

मंडळी, २२ मिनिटांची एक मुलाखत प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करून झालीये, टाइमलाइन १९२० बाय १०८०. आता त्यातलेच तीन तुकडे उभे म्हणजे ९:१६ मध्ये (१०८० बाय १९२०) हवेत आणि एक चौकोनी. चौकोनी जमला, उंची १०८० च राहते त्यामुळे दोन्ही बाजूंचे ४२० पिक्सेल गेले तरी चित्र मोठं करावं लागत नाही. उभ्याने मात्र तीन दिवस डोकं उठवलंय.

दोघंही फ्रेमच्या दोन टोकांना बसलेत. १०८० उंचीतून उभा पट्टा कापला की रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते, म्हणजे एकच माणूस येतो आणि तोही १७८ टक्के ताणून. ऑटो रीफ्रेम (माणसाच्या मागे फ्रेम आपोआप सरकवणारा इफेक्ट) लावलं तर बोलणारा बदलला की फ्रेम मधल्या रिकाम्या भिंतीवरून सरकत जाते, त्यातलं स्लोअर मोशन, म्हणजे हळू सरकणं, निवडलं तर पोचेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. बोलणाऱ्यावर नुसते कट मारले तर समोरच्याचा ऐकतानाचा चेहरा जातो, आणि या मुलाखतीत खरं सगळं त्या चेहऱ्यावरच आहे हो, प्रश्न ऐकून तो जो गप्प होतो ना ते मला कापायचं नाहीये. मागे ब्लर टाकून मध्ये आडवं चित्र ठेवायचं तर ते स्क्रीनच्या एक तृतीयांशही भरत नाही.

अजून एक, दुसऱ्या कॅमेऱ्याचे क्लोजअप फोरके (३८४० बाय २१६०) आहेत तरी उभ्या सिक्वेन्समध्ये (टाइमलाइनमध्ये) मोठे केले की धूसर दिसतात. असं का?

प्रतिसाद:
दोघांना वर-खाली ठेवा. तीच क्लिप दोन ट्रॅकवर घ्या, स्केल १०० च ठेवा. वरच्या अर्ध्या भागात डावीकडचा माणूस, पोझिशन (क्लिपचा मध्यबिंदू) ९६०, ४८०. खाली उजवीकडचा, १२०, १४४०. वरची क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि क्रॉपने तिचा खालून ५.६ टक्के भाग कापा, जोड बरोबर मध्यावर येतो. प्रत्येकाला १०८० बाय ९६० मिळतात, म्हणजे काहीच ताणायचं नाही.

धूसर दिसण्याचं कारण बहुतेक क्लिपवरची स्केल टू फ्रेम साइज ही सेटिंग. त्याने फोरके क्लिप आधी सिक्वेन्सच्या मापात लहान होते, उभ्यात तर १०८० बाय ६०७, आणि तुम्ही तेवढंसं चित्र तिप्पट मोठं करताय. ते काढून सेट टू फ्रेम साइज करा, मग स्केल ८९ ला आणा, उंची पूर्ण भरते आणि पिक्सेल सगळे मूळचेच राहतात.

धागाकर्ता:
खूप खूप आभार! धूसरपणा गेला, स्केल टू फ्रेम साइजच होतं. वर-खालीही केलं, तो गप्प होतो तो क्षण आता प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यासकट दिसतोय, आडव्यापेक्षाही जवळून. फक्त नावाच्या पट्ट्या राहिल्या, जुन्या दोन्ही बाजूंनी कापल्या जातायत.

प्रतिसाद:
त्या नव्यानेच करा, आणि अगदी तळाशी नको, तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात. तुमच्या मांडणीत दोन चेहऱ्यांच्या मधल्या जोडावर ठेवून बघा.