मदत हवी आहे: सेन्सॉर शिव्या काढायला सांगतंय, जत्रा १९ दिवसांवर

माडाखालचो:
सेन्सॉर आमच्या पिक्चरला 'ए' देणार म्हणे, नाहीतर आजीच्या शिव्या काढा. जत्रेच्या आदल्या रात्री देवळासमोर पडदा लावून दाखवायचाय. शिव्या न काढता काय करता येईल? लवकर सांगा, कालपासून झोप नाही.

दर्यावर्दी_६२:
लांबी किती? भाषा? शिव्या कुठल्या? लेखी कळवलंय की तोंडी?

माडाखालचो:
३८ मिनिटं, मालवणी. याने काय फरक पडतो? शिव्या म्हणजे 'मेल्या' आणि 'रांडेच्या', बस. आमच्याकडे नातवाला जेवायला हाक मारतात तीच अशी.

चाकरमानी_डोंबिवली:
यूट्यूबवर टाक आणि मोकळा हो. तिथे प्रमाणपत्र लागत नाही. माझं गणपतीच्या व्हिडिओंचं चॅनेल आहे, चार वर्षांत कोणी काही विचारलं नाही.

माडाखालचो:
आजीचं काम माझ्या खऱ्या आजीने केलंय. वय ८१, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. मोबाइल धरला की तिला नुसता उजेड दिसतो. तिला मोठ्या पडद्यावरच दाखवायचंय.

फणसगरा:
तिकीट लावणार नाही ना? मग काही लागत नाही. बिनधास्त दाखव.

दर्यावर्दी_६२:
साफ चूक. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात प्रश्न तिकिटाचा नाही, जाहीर प्रदर्शनाचा आहे. देवळासमोर अख्खा गाव बसला की ते जाहीरच झालं.

फणसगरा:
अख्ख्या जत्रेत वायरी आकडे टाकून घेतलेल्या असतात, त्याला कायदा आठवत नाही कोणाला.

बाय_वेंगुर्ला:
'ए'ला एवढं का घाबरतोयस ते सांगशील का?

माडाखालचो:
नातवाचं काम करणारा पोरगा ११ वर्षांचा आहे. 'ए' मिळालं तर त्याला स्वतःचाच पिक्चर बघता येणार नाही!!

बाय_वेंगुर्ला:
हे पहिल्या पोस्टमध्ये नको का सांगायला? २०२३च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी आहेत, त्यावरून दारात कोणी पोराला अडवत नाही. बंदी फक्त 'ए'ला. अगदी १६+ मिळालं तरी तो आईच्या मांडीवर बसून बघेल.

गजाली_मास्तर:
मुळात मुंबईत बसून आमच्या आजीची भाषा तपासणारे हे कोण? दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बासांनी असंच एका लघुपटावरून सुप्रीम कोर्ट गाठलं होतं. १९७० साली कोर्टाने काय सांगितलं, तर सिनेमा आधी तपासणं घटनेत बसतं. आणि त्याच देवळासमोर दशावतारात संकासूर वाट्टेल ते बोलतो, संहिताच नाही तर तपासणार काय!

रत्नांग्रीकर:
मास्तर, महाराष्ट्रात नाटकांनाही संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ आहे. नाटकवाल्यांना विचारा.

आवाठातलो:
सेन्सॉरवाल्यांका माझ्या आवशीक येवन भेटाक सांगा. 'रांडेच्या' म्हणजे आमच्यात लाडाचा.

दर्यावर्दी_६२:
गजाली बाजूला ठेवा. माडाखालचो, अर्ज क्रमांक काय आहे? सेन्सॉरच्या तपासणी समितीने लेखी कळवलं असेल तर आधी फेरतपासणीसाठी पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्यापुढे अपिलाचं न्यायाधिकरण होतं, ते २०२१मध्ये बंद झालं, आता थेट हायकोर्ट.

माडाखालचो:
अर्ज अजून केलेला नाही. मुंबईतला एक एजंट आहे, त्याने ट्रेलर बघून सांगितलं. ४० हजार मागतोय, म्हणजे 'यूए' करून देतो.

बाय_वेंगुर्ला:
म्हणजे सेन्सॉरने अजून काहीच सांगितलेलं नाही! एक पैसा देऊ नकोस. सेन्सॉरच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर स्वतः अर्ज कर. तातडीसाठी जादा शुल्क भरून प्राधान्य मागता येतं. पण १९ दिवस कमीच आहेत, दुसरी तारीखही मनात ठेव. अर्जात संवाद जोडशील तेव्हा शिवीचा अर्थ मराठीत लिही, गाळू नकोस. विडी-सिगारेट आहे का?

माडाखालचो:
आजोबा होडीत बसून विडी ओढतात. एकच सीन. पाऊण मिनिट.

बाय_वेंगुर्ला:
मग त्या सीनवर खाली इशाऱ्याची ओळ हवी आणि सुरुवातीला नि मध्ये तंबाखूच्या धोक्याची जाहिरात. २०१२पासूनचा नियम आहे.

चाकरमानी_डोंबिवली:
यूट्यूबवर ही कटकट नाही.

दर्यावर्दी_६२:
प्राणी?

माडाखालचो:
नाही.

दर्यावर्दी_६२:
नक्की? कोकणातला पिक्चर आणि एकही प्राणी नाही?

माडाखालचो:
एक कोंबडा आहे, खळ्यात फिरतो. तो प्राणी कसा?

दर्यावर्दी_६२:
प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणीच धरलाय. पशुकल्याण मंडळाला शूटिंगच्या आधी कळवायचं असतं, नंतर त्यांचं ना-हरकत पत्र अर्जाला जोडायचं. आता निदान कोंबड्याला काही इजा झाली नाही असं लिहून दे, सोबत त्याचे आत्ताचे फोटो जोड. कोंबडा आहे ना?

माडाखालचो:
शूटिंग संपलं त्या रात्री वडे होते.

फणसगरा:
पीठ घरचं की विकतचं?