शब्दचर्चा: लेगोच्या न्यूमॅटिक भागांना मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. सुट्टीतल्या शिबिरात पाचवी-सहावीच्या मुलांना लेगो टेक्निकचे हवेवर चालणारे भाग दाखवायचेत आणि सोबत एक पानभर माहिती मराठीत द्यायचीय. पंप, नळी, टाकी इथे काही अडत नाही, गाडी अडते ती सिलिंडर, व्हॉल्व आणि मुळात 'न्यूमॅटिक' यापाशी. एकाने 'वातचलित' सुचवलं पण ते वाचून मुलांच्या आज्ज्या गुडघे दाखवायला येतील अशी भीती वाटते.

भोसरीकर
वातचलित नकोच हो ताई. आमच्याकडे शॉपवर कुणी न्यूमॅटिक म्हणतं, कुणी नुसतं 'एअरवर चालतं' म्हणतं आणि काम होतं. मूळ ग्रीक 'न्यूमा', म्हणजे श्वास, वारा. मुलांना सरळ 'हवेवर चालणारं' लिहा. फक्त कुणी हायड्रॉलिक म्हणालं तर तिथे थांबवा, कारण खऱ्या जेसीबीत तेल असतं म्हणून खेळण्यालाही लोक हायड्रॉलिकच म्हणतात, आणि फरक हाताला कळतो. लेगोचा बूम, म्हणजे क्रेनचा उचलणारा हात, उचलताना आधी काहीच होत नाही, पंप मारत राहायचं, मग एकदम टुणकन वर जातो. हवा दबते आणि पुरेसा दाब साठेपर्यंत गप्प बसते, तेल जवळपास दबतच नाही त्यामुळे खऱ्या मशिनला हा धक्का नसतो.

दोन पोरांची आई
सिलिंडरचा घोळ आमच्या घरी झालाय!! पोरांच्या डोक्यात सिलिंडर म्हणजे गॅसचा, ज्यात काहीतरी भरून ठेवलेलं असतं. त्यामुळे ती निळ्या हवेच्या टाकीला सिलिंडर म्हणतात आणि खऱ्या सिलिंडरला पिचकारी. आणि खरं सांगू का, पिचकारी जास्त बरोबर आहे, आत दट्ट्या असतो, दांडा बाहेर येतो आत जातो, फक्त इथे दांडा आपण नाही ढकलत, हवा ढकलते.

भोसरीकर
दट्ट्या एकदम फिट, पिस्टनला तो शब्द शाळेच्या पुस्तकातही आहे. पण सिलिंडर शब्द काढून टाकू नका, पुढे आयटीआयला गेली तर तोच कानावर पडणार. 'दट्ट्याचा सिलिंडर' म्हणा, गॅसवाला आपोआप बाजूला पडतो.

जुने सेटवाला
सिंगल अ‍ॅक्टिंग, डबल अ‍ॅक्टिंगला (हवेचा दाब एकाच बाजूने की दोन्ही बाजूंनी, यावरून सिलिंडरचे दोन प्रकार) कुणीतरी एकतर्फी-दुतर्फी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो की लेगोत ते फसतं. लेगोने न्यूमॅटिक आणलं 1984 मध्ये, तेव्हाच्या सिलिंडरला नळीसाठी एकच तोंड होतं, पण तरी तो दोन्हीकडे चालायचा, दाबाने बाहेर आणि निर्वाताने आत, म्हणजे हवा ओढून घेतली की दट्ट्या मागे. त्याला एकतर्फी कसं म्हणणार? 1989 पासून दोन तोंडांचे आले, दोन्ही बाजूंना दाबानेच चालणारे. म्हणून मी एकतोंडी आणि दुतोंडी म्हणतो, मांडुळासारखं, मुलं विसरत नाहीत. 2015 चा मर्सिडीज आरॉक्स ट्रक, सेट क्रमांक 42043, त्याच्या क्रेनला दुतोंडीच आहेत. आणि हेही दाखवा की दुतोंडी सिलिंडर ढकलतो जोरात, ओढतो कमी जोराने, कारण दांड्याच्या बाजूला हवेला दाबायला जागाच कमी मिळते.

धागाकर्ती
दुतोंडी घेतला! व्हॉल्वला 'झडप' लिहू का मग?

कुडाळकर
नको. झडप म्हणजे हृदयातली, प्रवाहाने आपली आपण उघडते मिटते, उलटं जाऊ देत नाही. तशी झडप लेगोच्या पंपात असते, म्हणूनच दट्टा सोडला तरी भरलेली हवा परत येत नाही. तुम्ही म्हणताय तो दांडीवाला व्हॉल्व हाताने फिरवायचा असतो, त्याला आपल्याकडे 'चावी' म्हणतात. गावात पाणी सोडणारा चावीवाला काय करतो? तेच. दांडी एकीकडे केली की हवा सिलिंडरच्या एका तोंडात जाते आणि दुसऱ्या तोंडातली फुस्स करून बाहेर पडते, उलटी केली की उलट. मधे ठेवली की सगळ्या वाटा बंद, बूम आहे तिथे उभा. मुलं ही मधली जागा विसरतात आणि मग क्रेन खाली का येते म्हणून विचारतात.

दोन पोरांची आई
चावी वाचून आमचा धाकटा किल्लीच्या खेळण्यासारखी पिळत बसेल, चावी द्यायची असते ना त्याला 😄

कुडाळकर
मग 'हवेची चावी' लिहा. तीन नळ्या जोडायचा टी असतो त्याला आमच्यात तिठा (तीन रस्ते मिळतात ती जागा) म्हणता येईल, पण तुमच्याकडच्या पोरांना कळेल का माहीत नाही.

भोसरीकर
टीला टीच राहू द्या, प्लंबर पण टीच मागतो दुकानात.

धागाकर्ती
ठीक. हवेवर चालणारं, दट्ट्याचा सिलिंडर, दुतोंडी, हवेची चावी, पंपातली झडप, टी. लेगो एज्युकेशनच्या 9641 सेटमधलं मॅनोमीटर पण आणणारे, त्याला दाबमापक लिहिते, वायुदाबमापक लिहिलं तर भूगोलाचा तास सुरू होईल.