तांब्याचा तापलेला ठोकळा विहिरीत सोडला, तर एन्ट्रॉपीची बेरीज शून्य का येत नाही?

प्रश्न

०.४ किलोचा तांब्याचा ठोकळा उकळत्या पाण्यातून (१०० अंश सेल्सिअस) काढून थेट विहिरीत सोडला. विहिरीचं पाणी २७ अंशांवर आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता ३८५ ज्यूल प्रति किलो प्रति केल्व्हिन. ठोकळा, विहीर आणि दोन्ही मिळून एन्ट्रॉपीत (जिचा बदल उष्णता भागिले केल्व्हिन तापमान असा मोजतात ती राशी) किती बदल होतो, ते काढायचंय.

ठोकळ्यासाठी वस्तुमान × विशिष्ट उष्णता × लॉग(शेवटचं तापमान/सुरुवातीचं तापमान) हे सूत्र लावलं, −३३.५ आलं. ठोकळ्यानं सोडलेली उष्णता सगळी पाण्यानंच घेतली, म्हणून विहिरीचे +३३.५ धरले. बेरीज शून्य. पुस्तकातलं उत्तर मात्र +३.९ ज्यूल प्रति केल्व्हिन आहे. शिवाय ही क्रिया रिव्हर्सिबल (तंतोतंत उलटी फिरवता येणारी) नाही, तरी ठोकळ्याला रिव्हर्सिबल मार्गाचं सूत्र कसं चालतं?

उत्तर १

ठोकळ्याचा आकडा बरोबर, विहिरीचा चुकलाय. दोघांची उष्णता सारखी असली तरी एन्ट्रॉपी सारखी नसते, कारण उष्णतेला कोणत्या तापमानानं भागायचं हे दोघांचं वेगळं आहे. ठोकळा ३७३ केल्व्हिनपासून ३०० पर्यंत उतरत जातो, म्हणून तिथे लॉग येतो. विहीर पूर्ण वेळ ३०० वरच असते, तिथे सरळ भागाकार.

ठोकळ्याची उष्णताधारकता ०.४ × ३८५ = १५४ ज्यूल प्रति केल्व्हिन. सोडलेली उष्णता १५४ × ७३ = ११,२४२ ज्यूल. ठोकळा: १५४ × लॉग(३००/३७३) = −३३.५४. विहीर: ११,२४२/३०० = +३७.४७. एकूण +३.९३.

दुसऱ्या शंकेबद्दल: एन्ट्रॉपी ही अवस्थेची राशी आहे. ठोकळा ३७३ वरून ३०० वर आला एवढंच तिला कळतं, वाट कुठली धरली ते नाही. म्हणून त्याच दोन टोकांमधली सोयीची रिव्हर्सिबल वाट मनात धरून हिशोब करायचा: एकाहून एक किंचित थंड अशा असंख्य साठ्यांना (साठा म्हणजे उष्णता घेऊनही जिचं तापमान बदलत नाही अशी मोठी वस्तू) ठोकळा टेकवत न्यायचा. त्या वाटेवर ठोकळ्याचे −३३.५४ तेच राहतात, पण उष्णता घेणारे साठे वेगळे असतात आणि त्यांची बेरीज +३३.५४ येते. तुमचं शून्य हे त्या वाटेचं उत्तर आहे, विहिरीचं नाही.

प्रश्नकर्ता

पटलं. पण विहिरीचं तापमान बदलतच नाही, तर तेच सूत्र लावल्यावर लॉग(३००/३००) म्हणजे शून्य येतं. मग ३७.४७ कुठून आले?

उत्तर २

लॉग शून्याकडे जातो तेव्हा त्याला गुणणारी विहिरीची उष्णताधारकता अनंताकडे जात असते. नुसता लॉग पाहून शून्य म्हणता येत नाही, गुणाकार पाहावा लागतो.

विहिरीऐवजी ५ लिटर पाण्याची बादली घ्या, तेही २७ अंशांवर. उष्णताधारकता ५ × ४,१८६ = २०,९३० ज्यूल प्रति केल्व्हिन. ठोकळा टाकल्यावर दोघं ३००.५३३ केल्व्हिनवर स्थिरावतात. पाण्याचा बदल २०,९३० × लॉग(३००.५३३/३००) = ३७.१७. तापमान जेमतेम अर्धा केल्व्हिन चढलं, तरी उत्तर ३७.४७ च्या शेजारी पोचलंसुद्धा. पाणी वाढवत जा, ते ३७.४७ ला जाऊन भिडेल.

यातच साठा कशाला म्हणायचं तेही येतं. बादलीत एकूण बदल ३.९० निघतो, विहिरीत ३.९३, म्हणजे बादली साठा मानली तरी निभावतं. पण २०० मिलिलिटरच्या फुलपात्रात तोच ठोकळा टाकलात, तर पाणी ११ केल्व्हिनहून जास्त तापेल. तिथे आधी समतोलाचं तापमान काढायचं आणि मग दोन्हीकडे लॉग लावायचा.

उत्तर ३

आकडेमोडीत हमखास घसरायच्या जागा सांगतो. लॉगमध्ये सेल्सिअस घालू नका: १५४ × लॉग(२७/१००) = −२०१.६, विहीर धरून एकूण −१६४. एकूण बदल उणे दिसला की तिथेच थांबून चूक शोधायची. कॅलक्युलेटरवर एलएनचं बटण दाबा. दहाच्या पायाचा लॉग घेतला तर ३३.५४ च्या जागी १४.५७ येतात.

तिसरी चूक चटकन दिसत नाही. ३७.४७ आणि ३३.५४ हे जवळचे आकडे वजा होतात, त्यामुळे आधीच केलेलं राउंडिंग महागात पडतं. लॉगची किंमत ०.२१७८ ऐवजी ०.२२ घेतली, तर ३.९३ चे ३.५९ होतात. उलट सेल्सिअसचं केल्व्हिन करताना २७३ ऐवजी २७३.१५ वापरल्यानं इथे काही बिघडत नाही, उत्तर ३.९३ च राहतं.

उत्तर १ मधली साठ्यांची वाट आकड्यांत बघायची तर एकच मधला टप्पा पुरे. ठोकळा आधी ३३६ केल्व्हिनच्या साठ्यात आणि मग विहिरीत टाका. साठ्यांचे १६.९६ आणि १८.४८, मिळून ३५.४४, एकूण बदल १.९०. एका टप्प्यानं जवळजवळ निम्मा झाला.

आणि ठोकळ्याऐवजी शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ २७ अंशांच्या खोलीत ठेवला असेल, तर वितळण्याचा हिशोब वेगळा करा. एवढा बर्फ वितळायला ३३,४०० ज्यूल लागतात आणि वितळताना तापमान २७३ वरच असतं, म्हणून ३३,४००/२७३ = १२२.३४. पुढे पाणी तापताना ४१८.६ × लॉग(३००/२७३) = ३९.४८. खोलीनं ४४,७०२ ज्यूल दिले, ३०० नं भागून −१४९.०१. एकूण +१२.८१.